निबंधाचा शेवट

परीक्षेंतील निबंधाचा शेवट कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं लहान वाटतो. तीन-चार वाक्यांचा तो मजकूर. त्यावर एक सबंध भाषण कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत दहावीचा मुलगा किंवा मुलगी आहे, अथवा ज्या घरांतील तरुण लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत आहे, त्या घरांत हा प्रश्न लहान राहत नाहीं. आरंभ कसाबसा साधतो. मध्यभाग माहितीच्या बळावर उभा राहतो. पण शेवटापाशीं येऊन लेखणी अडते. घड्याळाचा कांटा पुढें सरकत असतो, आणि मग पाठ केलेल्या वहींतलें एखादें ठराविक वाक्य मदतीला धांवून येतें. आज या अडलेल्या लेखणीविषयींच बोलावयाचें आहे.

प्रथम हें लक्षांत घेऊं कीं, शेवट म्हणजे नुसतें थांबणें नव्हे. कागद संपला, वेळ संपला किंवा सांगण्यासारखें संपलें म्हणजे मनुष्य थांबतो. त्याला शेवट म्हणत नाहींत. 'निबंध' या शब्दांतच बांधण्याचा अर्थ आहे. मोळी कितीहि नीट रचली तरी दोरीची शेवटची गांठ बसली नाहीं, तर चार पावलांवर ती सुटते. ही गांठ कशी मारावयाची हें पाहण्यापूर्वीं परीक्षा घेणारे आपल्याकडून काय मागतात तें पाहूं.

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका १९९३ पासून आहे. ती २५० गुणांची असते. तीन तासांत दोन निबंध लिहावयाचे. प्रत्येक निबंध १,००० ते १,२०० शब्दांचा. आणि ते मराठींतहि लिहितां येतात. उमेदवाराकडून आयोगाच्या अपेक्षा थोड्या आहेत: विषय सोडूं नये, विचारांची मांडणी क्रमानें करावी, आटोपशीर लिहावें. प्रभावी आणि नेमक्या शब्दयोजनेला गुण मिळतील, एवढें आयोग सांगतो. दहावीच्या मराठीच्या परीक्षेंत प्रसंगलेखन, आत्मवृत्त आणि वैचारिक लेखन असे प्रकार येतात. तेथें मजकूर बराच लहान असतो. यांपैकीं कोठेंहि 'शेवटीं एक सुभाषित असावें' अशी अट घातलेली नाहीं. मग सुभाषितांच्या वह्या घरोघर कां भरल्या जातात, याचा विचार पुढें करूं.

शेवटाचें लक्षण आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं फार चांगलें सांगून ठेविलें आहे. नैयायिकांच्या मतें, आपलें अनुमान दुसऱ्याला पटवून द्यावयाचें असेल तर त्याचे पांच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. त्यांचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दाखला असा. डोंगरावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर दिसतो, हा हेतु. जेथें धूर असतो तेथें अग्नि असतो, जसा स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. या डोंगरावरहि तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नि आहे, हें निगमन.

आतां पहिलें वाक्य आणि पांचवें वाक्य शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. शब्द जवळजवळ तेच आहेत. फरक एका 'म्हणून'चा. प्रतिज्ञा ऐकणारा मनुष्य 'कशावरून?' असें विचारूं शकतो. निगमन ऐकतांना तो प्रश्न उरलेला नसतो. मधल्या तीन वाक्यांनीं तो फेडलेला असतो. निबंधाच्या शेवटाचें याहून नेमकें लक्षण सांपडणें कठीण. शेवट म्हणजे आरंभींच्या मताची पुनरुक्ति नव्हे, आणि अगदीं नवें मतहि नव्हे. जें मत आरंभीं उसनें होतें तें आतां कमावलेलें आहे, हें सांगणारें वाक्य म्हणजे शेवट.

दुसरा आधार मीमांसकांचा. एखाद्या ग्रंथाचें तात्पर्य कसें ठरवावें यासाठीं त्यांनीं ज्या खुणा सांगितल्या, त्यांत पहिली खूण उपक्रम आणि उपसंहार यांची आहे. ग्रंथ कोठून निघाला आणि कोठें येऊन पोंचला हें आधीं पाहावें, म्हणजे मधल्या विस्तारांत वाट चुकत नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त हीच कसोटी गीतेला लाविली. आरंभीं अर्जुन धनुष्य टाकून बसतो. शेवटीं संशय फिटून तो लढावयास सिद्ध होतो. तेव्हां मधल्या उपदेशाचें तात्पर्य कर्मत्यागांत असूं शकत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो सर्वांना मान्य होवो अथवा न होवो. वाचण्याची ही रीति मात्र प्रत्येक परीक्षक नकळत वापरीत असतो. उत्तरपत्रिकांचा ढीग समोर असतां तो निबंधाचा आरंभ लक्ष देऊन वाचतो, मध्यभागावरून नजर फिरवितो आणि शेवटापाशीं पुन्हां थांबतो. कारण त्यानंतर त्याला गुण द्यावयाचे असतात.

ज्यांना शास्त्राचे दाखले जड वाटतील त्यांनीं नारदीय कीर्तन आठवावें. पूर्वरंगांत बुवा एक अभंग घेतात आणि त्याचें निरूपण करितात. उत्तररंगांत आख्यान रंगतें. आणि सरतेशेवटीं बुवा पुन्हां त्याच अभंगावर येतात. चरण तोच असतो; पण मघाशीं तो नुसता ऐकला होता, आतां त्यांत आख्यानाचा अनुभव भरलेला असतो.

आतां आपल्या मुलांच्या निबंधांकडे वळूं. त्यांत बहुधा चार प्रकारचे शेवट आढळतात. पहिला, सुभाषिताचा. 'म्हणूनच कवीनें म्हटलें आहे' असें लिहून एखादा चरण जोडावयाचा. चरण उत्तम असतो; पण शेवटचा शब्द कवीचा होतो आणि निबंध मुलाचा राहत नाहीं. दुसरा, शपथेचा. 'चला तर मग, आपण सर्वजण शपथ घेऊं या.' प्रदूषण असो, वाचन असो कीं रहदारी असो, ही शपथ सर्वत्र चालते. आणि जी सर्वत्र चालते ती कोठेंच बांधीत नाहीं. तिसरा, नाण्याच्या दोन बाजूंचा. लिहिणाऱ्यानें दोन्ही पक्ष मांडलेले असतात आणि निवाडा करण्याची वेळ येतांच तो नाणें टेबलावर उभें करून निघून जातो. चौथा, स्वप्नभंगाचा. 'तेवढ्यांत आईनें हांक मारली आणि मला जाग आली.' सूर्य उगवला नाहीं तर, मी पंतप्रधान झालों तर, प्राणी बोलूं लागले तर, अशा साऱ्या निबंधांना हा एकच दरवाजा आहे. त्यांतला दोष असा कीं, वाचकानें ज्यावर घटकाभर विश्वास ठेविला तें सर्व एका वाक्यांत परत घेतलें जातें.

या चारहि शेवटांना ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तो शेवट उचलून दुसऱ्या निबंधाला लावून पाहावा. तेथेंहि तो तितकाच शोभला, तर तो येथलाहि नव्हे. दुसरी कसोटी 'म्हणून'ची. शेवटच्या परिच्छेदापूर्वीं मनांतल्या मनांत 'म्हणून' हा शब्द ठेवावा आणि मागील परिच्छेदाशीं तो जुळतो कीं नाहीं तें पाहावें.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. 'विज्ञान : शाप कीं वरदान' हा विषय कोणाला ठाऊक नाहीं? समजा, एका विद्यार्थ्यानें मध्यभागांत तीन गोष्टी सांगितल्या. पहिली देवीच्या रोगाची. भारतांत त्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ सालीं आढळला, आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें जगांतून देवी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. दुसरी फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. हवेंतील नत्रवायूपासून अमोनिया बनविण्याची रीति त्यानें शोधिली. तिच्यामुळें खतें निघालीं आणि कोट्यवधि लोकांचें अन्न पिकलें. तिच्यासाठींच त्याला १९१८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्याच हाबरच्या देखरेखीखालीं १९१५ सालीं बेल्जियममधील ईप्र येथें रणांगणावर क्लोरीन वायु सोडण्यांत आला. तिसरी गोष्ट भोपाळची. १९८४ सालीं २ डिसेंबरच्या रात्रीं तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला आणि शेजारच्या वस्तींतील हजारों माणसें मरण पावलीं.

एवढी चांगली सामग्री जमवून विद्यार्थी शेवट करितो तो असा: 'थोडक्यांत, विज्ञान हें दुधारी शस्त्र आहे. त्याचा उपयोग कसा करावयाचा हें माणसाच्याच हातीं आहे.' हें खोटें नाहीं. परंतु देवी, हाबर आणि भोपाळ यांपैकीं एकहि नांव निबंधांत आलें नसतें तरी हीं वाक्यें लिहितां आलीं असतीं. मग तीं तीन उदाहरणें कशासाठीं राबलीं?

त्याऐवजीं विद्यार्थ्यानें स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. विषयानें मला काय विचारलें आहे? मीं प्रत्यक्षांत काय दाखविलें? त्यावरून काय मानावें लागतें? हाबरच्या गोष्टीवरून असें दिसतें कीं, ज्ञान एकाच माणसाजवळचें असून फळें दोन आलीं; तेव्हां भेद ज्ञानांत शोधून उपयोग नाहीं. मग देवी आणि भोपाळ यांत भेद कशाचा? देवीचे रुग्ण शोधण्याचें काम दारोदार, सर्वांदेखत चाललें. भोपाळच्या वस्तीला मात्र शेजारच्या टाकींत काय सांठविलें आहे आणि तें सुटलें तर काय करावें, हें त्या रात्रीपर्यंत नीट ठाऊक नव्हतें. एवढा विचार झाला कीं शेवट आपोआप हातीं येतो:

'हाबरच्या ज्ञानानें शेतेंहि पिकविलीं आणि माणसेंहि मारिलीं. म्हणून वर आणि शाप यांचा भेद ज्ञानांत नाहीं. देवीवरचें काम लोकांच्या डोळ्यांदेखत झालें, आणि तें वर ठरलें. भोपाळच्या लोकांना शेजारीं काय आहे हें कोणीं सांगितलें नाहीं, आणि तो शाप ठरला. म्हणून विज्ञान शाप कीं वरदान असें विचारण्यापूर्वीं, तें कोणापासून लपविलें जात आहे असें विचारलें पाहिजे.'

या पांच वाक्यांत कठीण शब्द एकहि नाहीं, सुभाषित नाहीं, नवी माहितीहि नाहीं. मध्यभागांतील तिन्ही गोष्टी मात्र कामाला आल्या आहेत, आणि विषयानें विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालें आहे. परीक्षकाला हें मत पटेल किंवा पटणार नाहीं, पण 'कशावरून?' असें त्याला विचारतां येणार नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलाला एवढें कसें जमेल, अशी शंका कोणी घेईल. मत याहून लहान असलें तरी चालेल. एकच उदाहरण असेल तर त्या एका उदाहरणापुरतें मत द्यावें. लहान पण स्वतःचें निगमन मोठ्या उसन्या घोषणेपेक्षां जास्त भार सोसतें.

आत्मवृत्त आणि प्रसंगलेखन यांचा शेवट निराळ्या जातीचा असतो. तेथें युक्तिवाद नसतो; म्हणून तेथें निगमनाचें काम एखाद्या घटनेनें करावयाचें असतें. 'फाटक्या पुस्तकाचें आत्मवृत्त' लिहितांना मुलें शेवटीं पुस्तकाच्या तोंडून उपदेश करवितात: 'मुलांनो, पुस्तकांची काळजी घ्या.' त्याऐवजीं असें लिहिलें तर? 'रद्दीवाल्यानें मला तराजूंत टाकलें. तेवढ्यांत दुकानाशीं उभ्या असलेल्या एका मुलीनें मला उचललें, पहिलें पान उघडलें आणि त्यावरचें जुनें नांव मोठ्यानें वाचलें.' उपदेश कोठेंच नाहीं, परंतु पुस्तकाला काय हवें होतें तें वाचकाला कळलें. पुराच्या प्रसंगाचें वर्णनहि 'तो दिवस मी कधींच विसरणार नाहीं' या वाक्यानें संपविण्याची गरज नाहीं. 'भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर पाण्याची रेघ आहे. रंग दिला तरी ती पुन्हां उमटते,' असें लिहिलें म्हणजे विसर पडणार नाहीं हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

आतां वेळेचा प्रश्न. शेवट फसतो तो पुष्कळदां बुद्धीच्या अभावीं नव्हे, मिनिटांच्या अभावीं. यावर उपाय असा कीं, शेवटचें वाक्य कच्च्या टिपणांत सर्वांत आधीं लिहावें. कोठें जावयाचें हें ठरलें म्हणजे कोणते मुद्दे घ्यावयाचे आणि कोणते टाकावयाचे हें लवकर कळतें. आयोगाच्या परीक्षेंत एका निबंधाला सुमारें ९० मिनिटें मिळतात. त्यांतील २० मिनिटें विचार आणि टिपण, ६० मिनिटें लेखन, आणि १० मिनिटें शेवट व पुनर्वाचन यांस द्यावींत. शेवट निबंधाच्या दहाव्या हिश्शाहून मोठा नसावा, म्हणजे शंभर-सव्वाशें शब्द पुरेत. शाळेच्या निबंधाला तीन-चार वाक्यें पुरतात. वेळ अपुरा पडूं लागला तर तिसरा मुद्दा सोडून द्यावा आणि दोन मुद्द्यांवर शेवट करावा; तीन मुद्दे आणि शेवट नाहीं, यापेक्षां तें केव्हांहि बरें. आणि लिहितां लिहितां विचारच बदलला तर? तर टिपणांतलें वाक्य खोडून नवें लिहावें. विचारानें जेथें नेलें तेथेंच उतरणें प्रामाणिकपणाचें आहे. मात्र मग आरंभाचें वाक्यहि एकदां पाहून घ्यावें, नाहीं तर उपक्रम एका गांवचा आणि उपसंहार दुसऱ्या गांवचा, असें होईल.

शेवटीं सुभाषितांच्या वहीकडे वळूं. ही वही बहुधा प्रेमापोटीं भरलेली असते. मुलाचे चार गुण वाढावेत म्हणून आईवडील आणि शिक्षक तिच्यांत सुंदर वाक्यें उतरवून घेतात. वाचनासाठीं ती वही उत्तम आहे. पण 'शेवट यांतला घाल' असें आपण म्हणतों, तेव्हां मुलाला नकळत आणखी कांहीं शिकवितों. माहिती तूं गोळा कर, विचार तूं कर, परंतु निकाल मात्र दुसऱ्याच्या शब्दांत दे. तुझें मत शेवटचा शब्द होण्याच्या योग्यतेचें नाहीं, असें तें शिक्षण आहे. हें शिक्षण परीक्षेबरोबर संपत नाहीं. कचेरींतल्या कागदांवर तें पुढें दिसतें. एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचें प्रकरण असावें; दहा पानें टिपण असावें, नियमांचे आधार असावेत; आणि तळाशीं लिहिलेलें असावें, 'योग्य ती कार्यवाही व्हावी.' पैसे द्यावेत कीं न द्यावेत, हें कोणींच लिहिलेलें नसतें. कागद पुढच्या टेबलावर जातो आणि ती बाई पुढच्या महिन्यांत पुन्हां येते. सुभाषित आणि ही ओळ दिसावयास निरनिराळीं, वृत्ति एकच. न्यायाधीशाला असें करून भागत नाहीं. त्याला कारणें लिहावीं लागतात, आणि त्या कारणांतून निघणारा आदेश आपल्या सहीनें द्यावा लागतो.

म्हणून घरांत कोणी निबंध लिहून दाखवावयास आणला, तर शुद्धलेखन तपासण्यापूर्वीं शेवटचा परिच्छेद झांकून ठेवावा आणि मुलाला विचारावें, 'एवढें सर्व लिहिल्यावर तुला स्वतःला काय वाटतें?' तो क्षणभर घोटाळेल, आणि मग साध्या शब्दांत कांहीं तरी बोलेल. तें बहुधा झांकलेल्या परिच्छेदाहून चांगलें असेल. तेंच त्याला लिहूं द्यावें.